भिंगरीच्या शाळेसंबंधी व इतर मिळकतीसंबंधी

मी, शाळांचे गणवेश शिवणारी, वय वर्षे एकसष्ट, लिहून ठेवते की माझी शुद्ध शाबूत आहे. मोतीबिंदू डोळ्यात आहे, डोक्यात नाही. सोमवारी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे आणि त्याच आठवड्यात शाळांचे प्रवेश बंद होतात, म्हणून ही घाई. दबाव कोणाचा नाही. धाकधूक आहे, ती असणारच.

१. दोन खोल्या व पुढचे दुकान माझी भाची भिंगरी हिला मिळावे. तिचे आईवडील गेल्यापासून ती माझ्याजवळ आहे. आता चौदावे लागले आहे. ती सज्ञान होईपर्यंत माझा धाकटा भाऊ, म्हणजे तिचा काका, पालक राहील.

२. शिलाई मशीन व मोठी कात्री काजेबटण करणाऱ्या बाईंना द्यावी. त्या कात्रीने कागद कापू नये. कापला तर मला वरूनही कळेल.

३. भावाने स्वतःच्या लग्नात मी शिवलेला कोट बाजूला ठेवून रेडिमेड घातला होता. तो कोट कपाटात आहे, त्यालाच द्यावा. आता पोटावर बसणार नाही, त्याला माझा इलाज नाही.

४. भिंगरीची शाळा भावाने ठरवावी. त्याला जवळची शाळा पसंत आहे: बस दारात, घरी आल्यावर शिकवणी, पोर सतत नजरेखाली. मलाही तेच बरे वाटत होते.

५. भिंगरीच्या मनात मात्र वसतिगृहाची शाळा आहे. तिथे मुली आपले कपडे आपण धुतात, आळीपाळीने बाजारहाट करतात आणि काही विसरले तर पुन्हा जातात. गेल्या आठवड्यात तिथले गणवेश पोचवायला गेले, तेव्हा तिला बरोबर नेले. मुख्याध्यापिकांनी तिला विचारले, "तुला इथे का यायचंय?" उत्तर मी दिले. "कधी एकटी राहिली आहेस?" तेही मीच सांगितले. आवडता विषयसुद्धा सांगून मोकळी झाले. बाई हसल्या. म्हणाल्या, "ताई, प्रवेश नक्की कुणाला हवाय?"

परतताना दाराशी आल्यावर भिंगरी म्हणाली, "आत्या, तू दवाखान्यात असशील तेव्हा माझ्या वतीनं कोण बोलणार गं?" तेव्हापासून जीव टांगणीला लागला आहे, तो त्या प्रश्नाने. ऑपरेशनचे नंतर बघू.

६. सबब कलम चार रद्द. शाळा भिंगरी ठरवील. काकाने अर्जावर सही करावी. तोंड वाकडे करून केली तरी चालेल. शाळा मानवली नाही तर ती एकदा बदलण्याचा तिला हक्क राहील. त्या वेळी कारण विचारू नये, आणि "मी म्हटलं नव्हतं?" असे तर घरात कोणी बोलूच नये.

७. तिला ताप आला तर कोण बघेल, कोणी छळले तर ती कुणाला सांगेल, रस्ता चुकली तर काय करील, हे सगळे या कलमात लिहायला घेतले होते. पान भरले, मग फाडले. ही भीती माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. ती भिंगरीला वारसाहक्काने जाऊ नये.

दुकानात, कटिंगच्या टेबलावर, शनिवारी दुपारी, खालील दोघांदेखत वाचून सही केली.

सही: भिंगरीची आत्या

साक्षीदार:
१. समोरचे इस्त्रीवाले
२. आमचे डॉक्टर