चाळीस पावलं मागे

मंगळवार, १४ ऑक्टोबर
सकाळचे साडेनऊ

प्रिय वहिनी,

नमस्कार. मी ठीक आहे. तुझा गुडघा आता कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तू करत नसणार, हे मी इथे बसून सांगू शकते.

वर्षभरात तुझे किती फोन आले आणि मी घेतले नाहीत. दोन पत्रं आली, त्यांनाही उत्तर दिलं नाही. कामाचा व्याप होता असं लिहिणार होते, पण कान तपासणारीला असा काय व्याप असणार? माणूस काचेच्या खोलीत बसतो, आवाज आला की बटण दाबतो, मी कागदावर ठिपके काढते. संध्याकाळी सहाला कुलूप लावते.

तर बातमी अशी, की मी परदेशात आहे. दादाने आणि मी जिच्यासाठी पाच वर्षं तयारी केली ती जंगलातली शर्यत, तीस किलोमीटरची, तिच्या सोडतीत यंदा माझं नाव निघालं. कुणालाच न सांगता आले. रविवारी पळाले. म्हणजे पूर्ण नाही पळाले, ते सांगतेच.

खोली बरी आहे. घरमालकीण शिवणकाम करते, दिवसभर जिन्यात तिच्या मशीनची घरघर ऐकू येते. तिला माझी भाषा येत नाही आणि मला तिची, त्यामुळे आमचं उत्तम चाललं आहे. रविवारी मी चिखलाने माखून आले तर तिने न विचारता माझे बूट काढून घेतले आणि धुऊन खिडकीत ठेवले. खिडकीतून समोरची शाळा दिसते. मुलांना मधली सुट्टी झाली की सगळी गल्ली दणाणते, आणि मग घंटा होते आणि एकदम चिडीचूप. त्या चिडीचूप होण्याने मी दचकते. आजही दचकले.

हवा थंड आहे. जेवण मानवलं आहे. काळजी करू नकोस.

*

दुपार

वरचं वाचून पाहिलं. हवापाण्याचं पत्र झालं आहे. तीन वर्षं तुझ्याशी मी असंच बोलत आले, म्हणून फाडणार होते. पण राहू दे. आता नीट लिहिते.

शर्यतीला आठ हजार माणसं होती. दोर बांधून कप्पे केलेले, एकेका कप्प्याला दहा-दहा मिनिटांनी सोडत होते. जंगलात शिरलो तेव्हा धुकं होतं, पण विरळ. पायाखाली वाळलेल्या सुयांसारख्या पानांचा थर, इतका जाड की पावलं वाजतच नव्हती. शेजारून वीस माणसं गेली तरी नुसते श्वास ऐकू यायचे. सात किलोमीटर मी छान पळाले.

आठव्याला मागून एक पाऊल वाजायला लागलं.

वहिनी, दादाचा पाय कामावर लिफ्टच्या खड्ड्यात अडकला होता, त्यानंतर तो कसा चालायचा, आणि तसाच माझ्यापुढे पळायचाही, ते तुला मी काय सांगू? डावा ठप्प पडायचा, उजवा घासत यायचा. ठप्प, सर्र. ठप्प, सर्र. अगदी तेच. मला वाटलं, असेल कुणीतरी लंगडा पळणारा, आठ हजारांत एक नसेल का? मी बाजूला सरले, त्याला पुढे जाऊ द्यावं म्हणून. कुणी पुढे आलं नाही. मी वेग वाढवला, त्यानेही वाढवला. मी चालायला लागले, तर तेही चालायला लागलं. आणि एक गोष्ट तेव्हाच मनात आली, की माझे पाय त्या पानांवर वाजत नाहीत, मग याचेच कसे वाजतात?

मागे वळून पाहायची हिंमत झाली नाही.

चौदाव्या किलोमीटरला पाण्याचं टेबल होतं. तिथे एक पोरगेलीशी स्वयंसेविका दोन्ही हातांत एकेक पेला धरून उभी होती. एक तिने मला दिला. दुसरा माझ्या खांद्यावरून मागच्या कुणाला तरी द्यायला पुढे केला, हसली, आणि मग तिचं हसू उतरलं. तिने पेला हळूच टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली. मी पाणी तसंच टाकून पळाले.

पुढे चढ लागला आणि धुकं दाट झालं. मार्ग दाखवणाऱ्या पांढऱ्या फिती दोन हातांवर आल्याशिवाय दिसत नव्हत्या. आठ हजार माणसांत मी एकटी पडले, पुढे कुणी नाही, बाजूला कुणी नाही. ते घासत येणारं पाऊल थांबलं. मला बरं वाटलं, खरंच सांगते.

तेवढ्यात हाक आली. "भिंगरे, थांब जरा."

आपल्या भाषेत. मला भिंगरी म्हणणारं तुझ्याशिवाय आता कुणी उरलेलं नाही, आणि तो आवाज तुझा नव्हता.

मी पळत राहिले. दहाबारा पावलं पळाले असेन. पुन्हा आली, तशीच. जवळ नाही, लांब नाही. माझा धंदाच आवाजाचा आहे वहिनी, कुठून आला आणि किती लांबून आला हे मला कळतं. मागून, डाव्या हाताला, उतारावर, चाळीस पावलं. मला ते अंतर माहीत होतं. तीन वर्षं मी ते अंतर कानात घेऊन झोपते.

या वेळी मी थांबले. वळले आणि उलट्या दिशेने उतरायला लागले. खालून येणारी माणसं धुक्यातून एकदम अंगावर यायची, ओरडायची, एकाने तर खांद्याला धरून मला परत वर वळवायला पाहिलं. मी त्याचा हात झटकला आणि पावलं मोजत राहिले. चाळिसाव्या पावलावर थांबून, वळल्यामुळे आता उजव्या हाताला आलेल्या त्या बाजूला पाहिलं तर झुडपं, खाली उतार आणि एक ओहोळ. ओहोळाच्या कडेला एक बूट दिसला. बुटात पाय होता.

पन्नाशीचा माणूस, तोंड पाण्यात. कसा ओढून काढला मला आठवत नाही. मी किंचाळले असणार, कारण माणसं धावत आली. त्यातली एक नर्स निघाली. तिने छाती दाबायला सुरुवात केली, मी त्याचं डोकं धरून बसले. भोवती वीसेक माणसं स्तब्ध उभी होती, पाऊलही कुणी हलवत नव्हतं. आणि माझ्या पाठीमागून ते पाऊल आलं. ठप्प, सर्र. माझ्या अगदी जवळून गेलं आणि चढावर पुढे निघून गेलं. मी मान वर केली. पुढे नुसतं धुकं. मी ऐकत राहिले, ऐकू येईनासं होईपर्यंत. त्याला घाई नव्हती.

माणूस वाचला. काल इस्पितळात मला बोलावलं होतं. डॉक्टरांना थोडी इंग्रजी येत होती. हृदय बंद पडलं होतं, पडताक्षणीच शुद्ध गेली असणार, आणखी दोन मिनिटं गेली असती तर हाती काही लागलं नसतं, असं म्हणाले. मग त्यांनी विचारलं, रस्त्यावरून तर दिसत नव्हता, तुम्हाला कळलं कसं? मी म्हटलं, हाक ऐकली. त्यांनी मान हलवली. म्हणाले, याने हाक मारली असणं शक्य नाही.

त्याची बायको माझे दोन्ही हात धरून रडली. सोडेचना. तिच्या हातात माझे हात असताना मला तू दिसत होतीस, आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

आता ते, जे मी सांगितलेलं नाही.

दादा गेला त्या सकाळी तळ्यामागच्या टेकडीवर माझ्या कानात गाणी नव्हती. हेडफोन मी घरी विसरले होते. पोलिसांना, तुला, सगळ्यांना सांगितलं की गाणी चालू होती, काही ऐकू आलं नाही, फेरी पूर्ण करून आले तर तो पडलेला. खोटं. त्याने चाळीस पावलं मागून हाक मारली आणि मी ऐकली. पण मी घड्याळ लावून पळत होते आणि जन्मात पहिल्यांदा त्याच्या वेळेच्या पुढे होते. हरायला लागला की हाक मारून थांबवायची त्याची लहानपणापासूनची खोड. मला वाटलं, मुद्दाम थांबवतोय. त्याने दुसरी हाक मारली, तेव्हा आवाज वेगळा होता. तो वेगळा होता हे मला कळलं होतं. मी आख्खी फेरी मारून वीस मिनिटांनी परत आले.

आणि यापेक्षाही वाईट गोष्ट अशी, की त्या सकाळी गळक्या नळावरून तुमचं वाजलं, "एवढी हौस आहे तर तिकडेच पळत राहा" असं तू म्हणालीस, आणि ते त्याच्या छातीला लागलं असं तू आल्यागेल्या प्रत्येकाला सांगत राहिलीस. स्वतःला दोष देत राहिलीस. मी तुझ्या शेजारी बसून तुझ्या पाठीवरून हात फिरवला आणि एक शब्द बोलले नाही. वहिनी, तो गाडीत त्या भांडणावर हसत होता. म्हणाला, लोकांच्या लिफ्टा दुरुस्त करतो आणि घरचा नळ गळतो, बाई बोलणार नाही तर काय करणार. नळाला वायसर घ्यायचा म्हणून वाटेत दुकानापाशी थांबलाही होता, दुकान उघडायचं होतं. तुझं बोलणं त्याला लागलेलं नव्हतं. त्याला मी सोडून गेले होते.

पत्र माझ्याआधी पोचावं म्हणून पानांचे फोटो आजच तुझ्या फोनवर पाठवते. गुरुवारी इथून निघते. शनिवारी सकाळी अकराला तुझ्या दारात येईन. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. उघडलंस आणि थोबाडीत मारलीस तरी मी कुठे जाणार नाही, उभी राहीन.

एक राहिलं. ते शेवटाला ठेवलं, कारण हे लिहिल्यावर पुढे काही लिहिता येणार नाही.

त्या दिवशी इस्पितळात तू मला एकच विचारलं होतंस, जाताना काही बोलला का? मी नाही म्हटलं. त्याने तीन हाका मारल्या. पहिल्या दोन मला. तिसरी मला नव्हती. "अगं, ऐकलंस का," असं म्हणाला, संध्याकाळी घरात शिरताना दारातून तुला म्हणायचा तसं, सावकाश. मला वाटलं त्याने घरी फोन लावला आहे, म्हणजे ठीक आहे, म्हणून मी पळत राहिले. फोन गाडीत होता. चार पावलांवर मला ते आठवलं. तरी थांबले नाही.

तो तुझ्याशी बोलत होता, वहिनी. तुझं उत्तर यायची वाट पाहत होता, असा आवाज होता.

सगळं ऐकूनही न थांबलेली,
तुझी नणंद