दाराबाहेरून आलेली ओळ

जुन्नर
१८ जानेवारी २०२६

प्रिय आत्या,

पाया पडते. मराठी पत्रात आधी काय लिहायचं ते मम्मीला विचारलं, तर ती म्हणाली, "आधी तिच्या गुडघ्याचं विचार, मग तुझं पुराण लाव." तर गुडघा कसा आहे? गोकुळदादाने घोडेगावहून तेल आणलं का? की अजून "उद्या आणतो"च चाललंय? आमच्याकडे सगळे बरे आहेत. थंडी लई आहे. पप्पांना सर्दी झालीये आणि ते घरातसुद्धा मफलर बांधून फिरतात.

पत्र बघून घाबरू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. फोनच करणार होते. पण फोन केला की गोकुळदादा स्पीकरवर टाकतो आणि तुझ्याआधी अख्खी आळी "काय गं हर्षे" करते. हे तू एकटीने वाच. बचत गटात वाचायला शिकलीस म्हणून मोठं अक्षर काढतेय. माझं मराठी अक्षर कसलं आहे ते दिसतंयच. एवढं मोठं मराठी मी दहावीच्या पेपरनंतर लिहिलेलंच नाही.

आधी चांगली बातमी. माझं सिलेक्शन झालं ते तुला कळलंय. पस्तीस जण होते, सहा घेतले, त्यात मी. तू गोकुळदादाच्या मोबाइलवरून पाठवलेला आवाज मिळाला. "शाब्बास माजी वाघीन, आता हाडाची काडी करून काम कर." तो मी खूप वेळा लावला. एकदाही शेवटपर्यंत ऐकला नाही.

तुला आठवतंय ना, गाण्यावरून माझं काय चाललं होतं? पुण्याच्या लोकांचं संगीत नाटक, गावाकडचे कलाकार घ्यायचेत, म्हणून ऑडिशन जुन्नरलाच. नियम असा की नव्वद सेकंद, मागे म्युझिक नाही, सिनेमातलं गाणं नको. मी आधी एक इंग्लिश गाणं बसवलं होतं. त्यात वरचा सूर लागला की मी स्वतःवरच खूश व्हायचे. माझी मैत्रीण तेजस्विनी म्हणाली, "हे गाऊ नको. तुझ्यापेक्षा चांगलं म्हणणाऱ्या दहा जणी पुण्यात त्यांच्या शेजारीच राहत असतील. तू लावणी म्हण. जुन्नरवाल्यांकडून त्यांना तेच पाहिजे असतं." मग मी भजन बघितलं, मग एक पाळणा बघितला. यादी केली होती वहीत, सतरा गाणी. रोज एक खोडायचे आणि दोन लिहायचे. मम्मी म्हणाली, "एवढ्या वेळात एखादं पाठ झालं असतं."

मग डिसेंबरात तुझ्याकडे आले. तू भात पाखडत होतीस आणि आवणीतलं गाणं म्हणत होतीस. रोप लावताना म्हणतात ते. मला वाटलं, सापडलं! तुला बारा वेळा म्हणायला लावलं, रेकॉर्ड केलं. तू तेव्हाच बोलली होतीस, "हे एकटीनं म्हनायचं न्हाई गं. एकीनं सांगायचं, बाकीच्यांनी झेलायचं. झेललं न्हाई तर लोंबकळत ऱ्हातं." मी म्हणाले, मी मधे थांबेन, त्याला पॉज म्हणतात, लोकांना आवडतं. तू हसलीस. "थांब बाई, थांब. तुज्या पाजावर तूच थांब."

निघताना मी म्हणाले, तू पण ये ऑडिशनला. आत्या, खरं सांगू? ते मी असंच म्हणाले होते. तू येशील असं वाटलं नव्हतं.

चार तारखेला ऑडिशनच्या हॉलच्या गेटवर तू उभी. पहाटेची गाडी धरून, घोडेगावला बदलून, हिरवं लुगडं, हातात पिशवी, पिशवीत तांदूळ आणि नाचणीचे लाडू. माझ्या बाजूला नाटकवाल्यांबरोबर आलेल्या पुण्याच्या दोन मुली उभ्या होत्या. त्यांच्याशी मी इंग्लिशमध्ये बोलत होते. तू लांबूनच ओरडलीस, "हर्षेऽ!" मी त्यांना "एक मिनिट हं" म्हणून तुझ्याकडे आले आणि तुला लगेच मागच्या बाजूला घेऊन गेले. म्हणाले, इथे बस, इथे हवा येते. हवा येत नव्हती. तिथे पाण्याची टाकी होती, बादल्या होत्या, झाडू होता. मागच्या दाराबाहेर तू कोणाला दिसली नसतीस, म्हणून तिथे बसवलं. तू बाकड्यावर पाय वर घेऊन बसलीस आणि म्हणालीस, "झ्याक हाय की जागा. तुजा आवाज ऐकू येतोय का बगते."

ऐकू आला तुला.

आत टेबलामागे दोघं होते. मोहित, म्हणजे डायरेक्टर, त्याला सर म्हटलेलं चालत नाही. आणि वैजयंतीताई, त्या पेटीवर, नुसता सूर द्यायला. मी नाव सांगितलं आणि सुरू केलं.

"बांधावरी उभी कोन गं, कोरं लुगडं नेसून?"

आणि थांबले. ठरवल्याप्रमाणे. मनात तीन मोजणार होते. दोनवरच दाराबाहेरून तुझा आवाज आला.

"आपलीच लेक हाय गं, आली सासरची रुसून."

तू मुद्दाम केलं नाहीस ते मला माहितेय. शेतात कोणी सांगितलं की तोंडातून निघतंच, तुझी सवय आहे ती पन्नास वर्षांची. पण आत्या, तो आवाज असा आला की पेटीवरचा ताईंचा हात थांबला. मोहितने मान वळवली. माझा सगळा आवाज त्याच्यापुढे शाळेतल्या प्रार्थनेसारखा वाटला. आणि त्याने विचारलं, "बाहेर कोण आहे?"

मला काहीही म्हणता आलं असतं. माझी आत्या आहे. तीन शब्द. मला वाटलं, म्हणाले तर ते तुला आत बोलवतील. तू येशील, "रामराम पावणं" म्हणशील, त्यांना लाडू देशील, त्या मुली बघतील. आणि मग ते गाणं माझं राहणार नाही. हे सगळं एका सेकंदात वाटलं. इतकं पटकन मला गणितात कधी सुचलं नाही.

मी म्हणाले, "माहीत नाही. इथल्या झाडूवाल्या मावशी असतील."

मोहित उठला, दार पूर्ण उघडलं. "मावशी, तुम्ही इथे कामाला आहात का?"

तू त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलंस. मी खाली फरशीकडे बघत होते, तरी मला कळलं की तू बघितलंस.

"व्हय सायेब," तू म्हणालीस. "चुकलं. तोंडात आलं. आता गप बसते."

"चुकलं काय, मस्त गाता तुम्ही. फक्त आत ऑडिशन चाललीये."

वैजयंतीताईंनी बसल्या जागेवरून विचारलं, "मावशी, तुम्हाला हे गाणं कसं माहीत?"

"आमच्याकडं समद्यांना म्हाईत असतंय."

मी विचारलं, "पहिल्यापासून म्हणू का?" आणि म्हटलं. पूर्ण. प्रत्येक ओळीनंतर थांबले. तू एकदाही बोलली नाहीस.

नंतरचं मला लिहायचं नव्हतं. दोन तास हे पत्र इथेच अडकलंय. मी बाहेर आले तर मागच्या व्हरांड्यात चहा आला होता आणि मोहित, ताई, सगळे तिथेच उभे. आणि तू झाडत होतीस. लुगडं खोचून, त्या टाकीजवळचा झाडू घेऊन. नुसतं बसून राहिलीस तर कोणीतरी विचारेल, मग माझं खोटं उघडं पडेल, म्हणून तू झाडत होतीस. एका मुलाने कप खाली ठेवला, तो तू उचललास. मी तुझ्या बाजूने गेले. तुझी पिशवी बाकड्याखाली होती, ती पण मी उचलली नाही.

स्टँडवर तू अर्ध्या तासाने आलीस. मला वाटलं आता बोलशील. रडायची तयारी केली होती मी, सॉरीची पण. तू म्हणालीस, "कसं झालं?" मी म्हणाले, बरं झालं. "खाल्लं का काय?" मी नाही म्हणाले. तू लाडू दिलास. मग हात झटकून म्हणालीस, "हाल लई घाण व्हता बग तुमचा. कोन झाडतं का न्हाई तिथं?" आणि स्वतःच हसलीस. माझ्यासाठी हसलीस. मी पण हसले! गाडी लागली, तू चढलीस, तांदळाची पिशवी माझ्या हातात देऊन गेलीस.

त्यानंतर सिलेक्शन, शाब्बास, पप्पांनी आणलेले पेढे. ते गाणं नाटकात घेतलंय. ताईंना ते थांबणं आवडलं. तिथे बाकीच्या पाच मुली उत्तर देतात, एकदम सुरात. दुसऱ्या तालमीला मोहितने सगळ्यांना किस्सा सांगितला, झाडूवाल्या मावशी बाहेरून कशा गायल्या त्याचा. तुझी नक्कल पण केली, "चुकलं सायेब." सगळे हसले. आणि आत्या, सगळ्यात आधी मी हसले. कोणाला शंका येऊ नये म्हणून.

काल तालमीत त्या पाच जणींनी ओळ झेलली आणि माझ्या तोंडातून पुढची ओळ निघालीच नाही. ताई म्हणाल्या, "काय झालं? विसरलीस?" मी म्हणाले, त्या झाडूवाल्या नव्हत्या. माझ्या सख्ख्या आत्या आहेत. बायडाबाई. गाणं त्यांचंच आहे.

मोहित म्हणाला, "अगं, मग तेव्हाच का नाही सांगितलंस? आम्ही काय खाल्लं असतं का तुला?" मी म्हणाले, लाज वाटली. "कशाची?" त्याचाही चेहरा पडला होता, नक्कल आठवली असेल. वैजयंतीताईंनी पेटी बंद केली. म्हणाल्या, "त्यांना विचारलं होतंस का, हे गाणं स्टेजवर म्हणू का म्हणून?" नाही. "मग आधी विचार. त्या हो म्हणेपर्यंत हे गाणं बंद. आणि गाणं नसेल तर तुझं काम किती उरतं ते बघावं लागेल."

आता तुला वाटेल, म्हणून पत्र आलं. परवानगीसाठी. तसं नाही, आत्या. तुला विचारलं तर तू वाचून व्हायच्या आधीच "म्हन की बाई, गानं काय झिजतंय व्हय" म्हणशील, मला माहितेय. तू त्या दिवशी "व्हय सायेब" म्हणालीस, तसंच. तेवढ्याच पटकन. म्हणून मी विचारत नाहीये. ताईंना आज सकाळी फोन करून सांगितलं की ते गाणं मी म्हणणार नाही. त्यांनी एक ओळीचं काम ठेवलंय, गर्दीतलं. ते मी करणार आहे.

पप्पांना पण रात्री जेवताना सगळं सांगितलं. ते ताटावरून उठले, हात धुतले आणि परत येऊन बसले. "तिनं मला कायच सांगितलं नाय," एवढंच म्हणाले. आज सकाळपासून माझ्याशी बोलले नाहीत. मम्मी बोलते, पण जरा जास्तच गोड.

पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीने मी येतेय, एकटीच. तुझ्याकडे माणसं बसलेली असतील, असतातच. मी दारात उभी राहीन. कोणी विचारलं, "कोन आलंय गं?" तर तुला जे सांगायचं असेल ते सांग. मला ओळखलं नाहीस तरी चालेल. मी परतीच्या गाडीने जाईन आणि त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा येईन.

बायडाबाईंची भाची,
हर्षाली