रेघ सपाट होते तेव्हा

४ जाने.
रामदासपेठेतलं हॉस्पिटल. आज पहिल्यांदा आत सोडलं. माझ्या लेकीची, समताची मुलगी काचेच्या पेटीत. अठ्ठाविसाव्या आठवड्यातच आली. नाव अजून नाही. तिची पाठ माझ्या तळहाताएवढी. डोक्याला बारीक तारा चिकटवलेल्या, पडद्यावर मेंदूतल्या विजेची रेघ. एकदम उसळते, मग सपाट. किती वेळ सपाट!
बाहेर डॉ. म.ना गाठलं. "पोरीचा मेंदू बंद पडून राहिला अन् तुम्ही आमच्यापासून लपवता?" आवाज चढला. व्हरांडा गोळा झाला. समतानं दंड धरून बाकावर बसवलं. टाके ओले असताना उठून आली होती.
"बाबा, हे सभा नाही होय."

५ जाने.
डॉ. म.नी स्वतः बोलावलं. माझ्या लेकीच्या वयाची बाई. कालचा राग नाही. म्हणाली, इतक्या लहान बाळाचा मेंदू सलग चालतच नाही. थोडा वेळ उसळतो, मग गप्प. पोटात असती तरी असंच. वय वाढेल तशी मधली सपाटी कमी व्हायला हवी.
"आणि नाही झाली तर?"
"तेव्हा काळजी करू. आता थांबायचं."
थांबायचं! उभा जन्म लोकांना सांगत आलो, थांबू नका.

११ जाने.
रविवारच्या सभेला येत नाही, असं कळवलं. जुन्या सोबत्याचा लगेच फोन. "काहून गा, घसा बसला काय तुहा?" घसा ठीक आहे म्हणालो. फोन ठेवला.
शेजारणीनं बाळासाठी काळा दोरा दिलाय. हिला म्हटलं, परत करून ये. आपल्या घरात असलं काही चालत नाही. केला की नाही... विचारलं नाही.

१९ जाने.
पुन्हा ईईजी. समता म्हणाली, बाबा, बोला तिच्याशी, हळू. काय बोलावं? बाळाशी बोलायची सवय नाही. पाण्याच्या हक्कावरचं जुनं भाषण सुरू केलं, कुजबुजत.
आणि रेघ उसळली! दर वाक्याच्या शेवटी, नेमकी. माझे डोळे भरले. "पाहा वं समता, दाद देऊन राहिली पोट्टी!"
तारा लावणारी मुलगी म्हणाली, "काका, बोट उचला बरं."
"कोणतं?"
उजव्या हाताचं. पेटीवर ठोकत होतो. व्यासपीठावर टेबल ठोकतो, तसंच. बोट उचललं. रेघ सपाट.
तेवढा भाग तिनं तपासणीतून बाद केला. समता हसत सुटली. बाळंतपणानंतर पहिल्यांदा. "तिच्यापुढंही टेबल ठोकलं तुम्ही!" हसता हसता रडली. मलाही राहवलं नाही. कारण माझं बोट काढल्यावर पडद्यावर उरलं ते फार थोडं होतं.

२ फेब्रु.
हात खिशात घालून उभा. सपाटी किंचित कमी वाटली. डॉ. म. नुसतं "बघू" म्हणाल्या. या शब्दावर मी मंत्र्यांना घेराव घातले आहेत. आज मान हलवली.

१७ फेब्रु.
सपाटी भरत आली! जागी असते तेव्हा रेघ जवळजवळ सलग. गाढ झोपेतच काय ती विश्रांती, आणि ती या वयाला असतेच. झोप वेगळी, जाग वेगळी ओळखू येते आता.
"वयाप्रमाणे चाललंय सगळं." डॉ. म.कडून मी तीनदा वदवून घेतलं. चौथ्यांदा विचारलं तर म्हणाल्या, "काका, माईक मागवू काय?"
सकाळीच कळमन्याच्या बाजारातून संत्र्यांची पेटी आणली होती, निकाल काहीही लागो म्हणून. सगळ्या सिस्टरांना वाटली. घरी ही म्हणाली, "आतातरी पोटभर जेवा न." जेवलो. चव लागली.

१ मार्च
पोरगी हुडकेश्वरला, आमच्या घरी आली. निघताना डॉ. म.नी बजावलं, रेघ चांगली आहे, पण रेघेत सगळं नसतं. कान, डोळे, बसणं, चालणं, ज्याची त्याची वेळ आली की पाहायचं.
"बोलेल ना?"
"आता कसं सांगू, काका?"
हे उत्तर मला आवडलं नाही. पण खरं बोलली बाई.
दुपट्यात काळा दोरा सापडला. हिच्याकडे पाहिलं. ही खिडकीबाहेर पाहत होती. भाषण राहू दिलं.

९ मार्च
सकाळी ओसरीत मांडीवर घेऊन तेच पाण्याचं भाषण. तिचे डोळे मिटलेले. टाळीच्या जागेवर सवयीनं थांबलो, तर तिनं डोळे उघडले. पुढं सुरू केलं, मिटले. थांबलो, उघडले.
आधी माझी बोटं पाहिली. दोन्ही हात तिच्या पाठीखाली होते. हलत नव्हते.