पाण्याबाहेरचा दिवस

मंगळवार, १२ मार्च

प्रिय मासोळी,

अनेक आशीर्वाद. तुझी मागची मेल मिळाली. आम्ही इथे बरे आहोत, तूही मजेत असशील. ऑफिसात सुट्ट्यांच्या बुकिंगची झुंबड उडाली आहे. मागच्या आठवड्यात एका नव्या जोडप्याने मला दुपारभर पिदवलं आणि शेवटी 'घरी विचारून सांगतो' म्हणून निघून गेलं. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही दहा पर्याय दाखवलेत. एकच दाखवला असता तर घेऊन गेले असते." तेव्हा हसलो. पण ते वाक्य काही डोक्यातून जात नाही.

आमच्या तिकिटांचं काय झालं, असं तू विचारलंस. तेच सांगायला बसलो आणि भलतंच लिहीत सुटलोय.

'त्या बेटावर लोकांना शिकवतेस तशी मलाही पाठीला हवेची टाकी बांधून पाण्याखाली ने' असं आई तुला म्हणाली, तेव्हा मी तिला वेड्यात काढलं होतं. या वयात स्कूबा! पण बाईने मनावर घेतलं. डॉक्टरांचा होकार मिळवला, पोहण्याच्या तलावावर नाव घातलं. तू पाठवलेला मास्क लावून, तोंडात नळी धरून ती बादलीत डोकं घालायची. एकदा शेजारच्या काकू दार उघडं बघून आत आल्या आणि किंचाळल्याच. आईने डोकं वर काढून त्यांनाच दम दिला, "ओरडता काय? आत्ता कुठे जमत होतं!"

तिकिटं काढायचं काम माझं. तुमच्या त्या कॅरिबियनला इतक्या लोकांना धाडलं, माझ्या गिऱ्हाइकाचं मधलं विमान कधी चुकलं नाही. मग आईचं चुकू देईन? एका कनेक्शनला मधे जेमतेम पाऊण तास. तिचे गुडघे बघता धावपळ नको. दुसऱ्याला विमानतळावर रात्रभर मुक्काम. तिसऱ्याला मधल्या देशाचा व्हिसा. चौथं जाताना अगदी मनासारखं, पण येताना घोळ. तूच बजावलं होतंस, शेवटच्या बुडीनंतर पुरता एक दिवस पाण्याबाहेर काढल्याशिवाय विमानात पाऊल ठेवायचं नाही, अंगात बुडबुडे होतात म्हणून. तुमच्या बेटावरचं छोटं विमान आठवड्यातून दोनदाच सुटतं. तो दिवस सोडला की आईची एक बुडी हुकत होती.

"हुकू दे की," आई म्हणाली. "आणि रात्रभर विमानतळावर बसले तर काय विरघळणार आहे का मी? काढ रे तिकिटं."

"थांब गं, नवं वेळापत्रक येऊ दे," मी म्हटलं. एक मोसम गेला. नवं वेळापत्रक आलं, त्यातही काहीतरी खुपलं. दुसराही गेला. तू विचारत राहिलीस आणि मी 'बघतोय' म्हणत राहिलो. खरंच बघत होतो गं. त्याचंच जास्त वाईट वाटतं.

वर 'बरे आहोत' लिहिलं ते सवयीने. आई गुरुवारपासून दवाखान्यात आहे. तिच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून हे लिहितोय. तिचं हृदय थकलंय, फुप्फुसांत पाणी साचतंय. विमानप्रवास कधी करता येईल, असं मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "मुलगी लांब असते ना? तिलाच बोलावून घ्या."

आईने ऐकलं असावं. मी आत गेलो तर म्हणाली, "मी पाण्यात उतरायच्या आधी पाणीच माझ्यात उतरलं बघ." हसता हसता तिला दम लागला. नर्स ऑक्सिजनचा मास्क बांधायला आली, तेव्हा तिला ऐटीत म्हणाली, "मला सवय आहे. मी शिकलेय हे." नर्सला काही कळलं नाही. मी बाहेर येऊन बसलो.

फोनवर हे माझ्याच्याने बोलवलं नसतं.

तुझं तिकीट सोबत जोडलंय. या वेळी पहिलं दिसलं तेच काढलं. तीन विमानं बदलायची आहेत. एका ठिकाणी तुला धावावं लागेल, दुसऱ्या ठिकाणी रात्र बाकड्यावर काढावी लागेल. असं तिकीट मी गिऱ्हाइकाच्या हातात कधी ठेवलं नसतं. मधलं एखादं चुकलंच तर तिथूनच मला फोन कर, पुढचं मी बघतो.

बेटावरून विमान परवा सकाळी आहे. म्हणजे तुझ्याच नियमाने उद्याचा अख्खा दिवस पाण्याबाहेर. शिकायला आलेल्यांना दुसऱ्या कुणाच्या हवाली कर. कुणी कितीही गळ घातली तरी उद्या उतरू नकोस, मासोळी.

आईला सांगितलंय, तू निघालीस म्हणून.

तुझा,
उगाच थांबलेला
दादा