चाळिसाव्या दिवसाचं जेवण

पापाटोएटो, रविवार संध्याकाळ

प्रिय सुखदा,

तुझ्या तीन मेसेजना उत्तर दिलं नाही, रागावू नकोस. वॉर्डात दोन नर्स कमी आहेत. सलग सहा दिवस ड्युटी झाली, घरी आले की बूट काढायलाही वाकवत नाही. फोन करणार होते, पण जे सांगायचंय ते फोनवर जमणार नाही. म्हणून कागद घेतला.

आज दुपारी अनुया आणि मी हिल्सबरोला एका आर्मेनियन हॉटेलात जेवून आलो. हाकोब नावाचे एक आजोबा महिनाभर माझ्या वॉर्डात होते. ते गेले तेव्हा त्यांचा हात माझ्या हातात होता, कारण त्यांची मुलगी अनाहित खाली पार्किंग शोधत होती. हॉटेल तिचंच. त्यांच्यात चाळिसाव्या दिवशी जेवण घालतात, आणि तिनं इतक्या आग्रहानं बोलावलं की नाही म्हणवेना. गाडी लेकीनंच चालवली, मी शेजारी डोळे मिटून बसले.

सगळी टेबलं जोडून एक लांब पंगत केली होती. लवाश म्हणून त्यांची पोळी असते, थेट पुरण न भरलेला मांडा. मी शाकाहारी म्हणून अनाहितनं माझ्यासाठी दह्याचं गरम सूप केलं होतं, आपल्या कढीत गहू शिजवून घालावेत तसं. आणि द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात. आपण नाशिकच्या मुली, द्राक्षांच्या राशीत वाढलो, पण ती पानं खातात हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षी इथं परदेशात कळलं. आंबटसर लागतात. तुला आवडली असती. मला भूक होती की नुसता थकवा होता, कोण जाणे, पण किती खाल्लं ते कळलंच नाही.

मग एकेक जण उभा राहून आजोबांविषयी बोलला. वाइनचे पेले कुणी एकमेकांवर वाजवले नाहीत. गेलेल्या माणसासाठी वाजवत नाहीत म्हणे. माझी पाळी आली तेव्हा मी एवढंच सांगितलं, की आजोबा शेवटपर्यंत मला रोज विचारायचे, "जेवलीस का?" अनाहितला रडू फुटलं. मला जवळ घेऊन ती म्हणाली, "तुझी आई आहे ना गं?"

मी म्हटलं, "आहे."

तोंडून निघूनच गेलं. "मग तिला रोज फोन कर," ती म्हणाली, आणि मी मान हलवली. अनुयानं ताटातून वर पाहिलं. गाडीत बसल्यावर म्हणाली, "आई, व्हाय डिड यू से दॅट? आजी इज डेड." घरी आल्या आल्या मी हे लिहायला बसले.

आईला जाऊन आठ महिने झाले. तू अजून सगळ्यांना सांगतेस की ताईला रजा मिळाली नाही, त्या मेल्या मॅनेजरनं अडवलं. सुखदा, तिनं अडवलं नव्हतं. डॉक्टर दोन-तीन दिवस म्हणतायत असा तुझा फोन आला, त्याच दुपारी तिनं माझ्या रजेवर सही केली. मीच आले नाही. मला माहीत होतं, मी आले की सगळे म्हणणार, ताई नर्स आहे, ती करील. परक्या आयांचं अंग मी शेवटचं पुसून देते. आपल्या आईचं माझ्याच्यानं झालं नसतं. सहा वर्षं तूच तिचं केलंस, तेही तुझ्यावरच टाकलं, आणि वर खोटं बोलले. माफी मागत नाही, मागायला तोंड नाही. फक्त एक सांग. शेवटच्या दोन दिवसांत आईनं माझ्याविषयी विचारलं होतं का? नसेल विचारलं, तर तसंच लिही.

तुझीच,
विभाताई