मान वळवायची कशी

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा चेहरा आता मला माझ्याच चेहऱ्यात शोधावा लागतो. मी बोलून राहिले आणि माझी नात लिहून राहिली. माझी भाषा ती मधूनमधून सरळ करते, तेव्हा काही शब्द तुला शहरातले वाटतील. ती अकोल्याला डॉक्टरकी शिकते.

उन्हाळ्यात ती अमरावतीला घरी आली ती तोंड पाडून. तोंडी परीक्षेत सरांनी मानेचे स्नायू आणि शिरा विचारल्या. हिला सगळं येत होतं, पण जीभच उचलली नाही. नापास झाली. पुन्हा एक संधी होती. तीही गेली असती तर वर्ष गेलं असतं. मग मीच सर झाले. खुर्चीत बसले, हिला समोर उभी केली आणि माझी मान हिच्या हवाली केली. "आजी, मान डावीकडे वळव," म्हणाली, तर मी कमरेपासून अख्खी वळले. ती हसत सुटली. तिला काय माहीत, डोक्यावर वांग्यांची पाटी असताना मी नुसती मान फिरवली की तू कशी खेकसायचीस, "पाटी पडन, पोरी. वळायचं तं अख्खी वळ."

ती सांगते, कानामागून गळ्याच्या हाडापर्यंत एक स्नायू येतो. उजवीकडचा ओढला की तोंड डावीकडे वळतं. मी म्हटलं, "तुह्यं पुस्तक उलटं छापलं. डावा कासरा ओढला तं बैल डावीकडंच वळते." तिनं माझं बोट धरून माझ्याच मानेवर ठेवलं आणि तोंड डावीकडे वळवायला लावलं. खरंच, उजवीकडेच दोरखंड ताठ झाला. त्याच्या आड डोक्याकडे रक्त नेणारी धमनी ठोके देत होती. मला समजेल असं सांगितल्याशिवाय मी पास करायचे नाही. चिडायची, पण सांगायची. पुढे तर मोठ्या आवाजात भांडायलाच लागली. मला तेच पाहिजे होतं.

परवा निकाल लागला, काल ती घरी आली. सरांनी पुन्हा मानच विचारली म्हणे, आणि ही इतकी बोलली की त्यांनाच "पुरे" म्हणावं लागलं. आपल्या घरातली पोरगी, माय. सरांना पुरे म्हणायला लावलं तिनं.

आता ती विचारते, हे पाठवायचं कुठं? कुठंच नाही. वाचता तुलाही येत नव्हतं. खरं सांगते, तिच्या तोंडावर तिचं कौतुक करायला मला जमत नाही, म्हणून तुझ्याशी बोलले. ती थांबली आहे. लिही म्हटलं, हेही लिही.