एकोणपन्नासची फेरी

१७ जुलै

तालामची मांडीमागची शीर धरली आहे. सराव संपल्यावर न्हाणीघरात नेऊन दाखवली. हात लावला तर दोरीसारखी ताठ! सोंगोक मास्तरांना सांगायचं नाही, म्हणाला. कळलं तर ते अंतिम शर्यतीतून त्याचं नाव काढून घेतील. मी शब्द दिला. द्यावाच लागतो. एकाच वर्षी, एकाच झोपडीत सुंता होऊन महिनाभर शेजारी-शेजारी पडलेले आम्ही. असे दोघं एकमेकांना नावानं हाक मारत नाहीत, 'बाकुले' म्हणतात. आणि बाकुलेची चहाडी करत नाहीत.

उद्याचं ठरलंय. आठशे मीटर, दोन फेऱ्या. पुढे मी. पहिली फेरी त्रेपन्न सेकंदांत, म्हणजे हळूच. सगळ्यांना मागे दाबून धरायचं. शेवटच्या दीडशे मीटरला तालाम सुटेल. तसा सुटणारा या खेळांत दुसरा कोणी नाही. शीर तेवढी टिकेल, असं त्याला वाटतं.

माझं काय? शर्यत हळू झाली की मी पाचवा नाहीतर सहावा. मला शेवटचा झपाटा नाही, आमच्याकडच्या सगळ्या नांदी टेकड्यांना ठाऊक आहे. मास्तर जेवताना म्हणाले, "बिवोत बैल, तालाम बिबट्या. बैलानं नांगरायचं, बिबट्यानं खायचं." सगळे हसले. मीही हसलो.

१८ जुलै, सकाळ

इथली मक्याच्या पिठाची उगाली म्हणजे भिंतीला लावायचा गिलावा. तरी तालामनं दोन ताटं संपवली. माझ्या बनियनला नंबर त्यानंच टाचला. "मी फक्त तुझी पाठ बघणार," म्हणाला.

हे आमचं जुनंच. घरी सरावाआधी मास्तर सगळ्यांची घड्याळं दुधाच्या पावडरीच्या डब्यात काढून घेतात. वेग सांभाळायचा पुढच्यानं, मागच्यानं त्याची पाठ सांभाळायची. मागचा मनगटाकडे बघायला लागला, की समजायचं, याचा पुढच्यावर भरवसा राहिला नाही.

१८ जुलै, संध्याकाळ

सोनं! मला.

पुढे लिहवत नाही.

१९ जुलै

लिहितो. इथे तरी लिहायलाच हवं.

पहिली फेरी एकोणपन्नासची झाली. चूक नव्हे. अकरा वर्षं मी पुढे पळतोय, फेरीत एका सेकंदाची चूक माझ्या हातून होत नाही. पाय सांगतात मला.

कधी ठरवलं? आदल्या दिवशी नाही, देवाशपथ. पहिल्या वळणानंतर आखलेल्या पट्ट्या संपल्या, मी आत आलो, मागे फक्त तालामचा श्वास ऐकू येत होता. पाय हलके होते. आणि डोक्यात एकदम ते जेवणाच्या टेबलावरचं हसू आलं. बैल! बस्स, एवढंच. सुटलो. शर्यत जोरात गेली तर शेवटी कोणाकडे झपाटा उरत नाही, मग जिंकतो तो बैलच. हे मला कळत होतं. त्या शिरेचं काय होईल, तेही कळत होतं.

तो आला माझ्या मागे. अंतर न सोडता, नेहमीसारखा. घंटा वाजली तेव्हा बाकीचे सहा-सात पावलं मागे होते. दोनशे मीटर उरले तेव्हा तो एकदाच ओरडला. मी वळून पाहिलं नाही. मला वाटलं होतं त्याहून सोपं गेलं ते.

शीर फाटली. स्ट्रेचरवरून नेला. मास्तरांनी मला मिठी मारली. तुला सुचलं कसं, म्हणाले, तालामचा पाय जाणार हे आधीच ओळखून तू शर्यत आपल्या अंगावर घेतलीस! मी मान हलवली. होकारार्थी.

पण घड्याळ होतं ना तिथे! रेषेपाशी, दाराएवढं, पिवळ्या आकड्यांचं. मला दिसलं तसं त्यालाही दिसलं असतं. मान वर करायची आणि वेग सोडायचा. इतकं सोपं होतं. डोळे काय फक्त मलाच दिलेत?

२१ जुलै

तालामनं रुग्णालयातून निरोप पाठवला: पदक दातात धरून फोटो काढू नकोस, तुझे दात आधीच हलतायत.

घड्याळ होतं. मी काही लपवून ठेवलं नव्हतं.

२४ जुलै

विमानानं एल्डोरेटला उतरलो. बायका गात होत्या, गळ्यात वेलींचे हार पडले. मग जिंकून आलेल्याला पाजतात त्या मुर्सिक दुधाचा तुंबा पुढे आला आणि तो धरणारे हात तालामच्या आईचे होते.

तिनं ते दूध तालामसाठी मुरवलं होतं. आम्ही निघालो त्याच दिवशी तुंब्याला आतून राख लावून भरलं होतं. तालामचं विमान अजून आठवडाभर नाही. मुरवलेलं दूध पोराची वाट बघत तसंच ठेवू नये म्हणतात, म्हणून तिनं मला आणलं. "तुम्ही दोघं एकाच झोपडीतले," म्हणाली. "त्याच्या तोंडचं ते तुझ्या तोंडचं."

प्यायलो. सगळ्यांसमोर. ठसका लागला तर लोक हसले. तिनं खांद्यावरच्या कापडानं माझी हनुवटी पुसली.

२ ऑगस्ट

सांगायला म्हणून गेलो होतो. तालाम दाराशी खुर्ची टाकून बसला होता, पाय दुसऱ्या खुर्चीवर. डॉक्टर म्हणाले, चालशील, शेतात कामं करशील. पळण्याचं त्यांनी काही काढलं नाही, त्यानंही विचारलं नाही. त्याच्या आईनं चहा दिला, माझ्या कपात साखर जास्त. वरच्या घरचा म्हातारा शर्यतीचं विचारत होता, तर तालाम माझीच तारीफ करत बसला. मी पडलो तरी बाकुले डगमगला नाही, म्हणे. पदक टेकडीवर आलं ना, मग झालं.

मी कप खाली ठेवला, तोंड उघडलं आणि विचारलं, गाय व्याली का.

व्याली म्हणाला. कालवड आहे.

११ ऑगस्ट

सकाळी रस्त्यानं पळतो तेव्हा शाळेला निघालेली पोरं ओरडतात, एकोणपन्नास! एकोणपन्नास! नावच पडलंय माझं. बाजारात कोबीवालीसुद्धा याच नावानं हाक मारते. मी हात हलवतो.

आता त्या पोरांना चुकवायला चहाच्या मळ्यातून पळतो. तिथे चढ जास्त आहे. असू दे.

१६ ऑगस्ट

सांगितलं. सगळं. बैल, त्रेपन्न, मुद्दाम. मैदानाच्या कुंपणापाशी बसलो होतो, खाली मास्तर नव्या पोरांची घड्याळं डब्यात गोळा करत होते. बोलून झाल्यावरही माझा निलाजरेपणा संपेना. शेवटी म्हणालोच, घड्याळ तर तुझ्याही समोर होतं.

तालामनं कुबडी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाला, "पाहिलं होतं. घंटेपाशी. एकोणपन्नास."

"मग?"

"मला वाटलं, घड्याळ बिघडलंय."